सा कुठेही धरा, बोटं तीच: आयसोमॉर्फिक कीबोर्डच्या वेगवेगळ्या मांडण्या घरबसल्या कशा करून बघायच्या

हार्मोनियमवर काळी एकचा सा धरून बिलावल वाजवा. काळी एक, काळी दोन, मग पांढरी चार, परत काळी तीन, काळी चार, काळी पाच, आणि नि ला वरची पांढरी एक. आता तेच पांढरी एकमधून वाजवा, सगळ्या पांढऱ्या. कानाला दोन्ही सारखंच, सारेगमपधनीच आहे, पण हाताला दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी. साथ करणाऱ्याला हे रोजचं आहे, सकाळी काळी चारची गायिका, संध्याकाळी पांढरी दोनचे बुवा, आणि प्रत्येक पट्टीची बोटं वेगळी घोटावी लागतात. यावर आपल्याकडे स्केल चेंजर पेटी आली, आख्खी पट्टीच सरकवायची म्हणजे बोटं तीच राहतात. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं, ते हेच काम करतं.

आयसोमॉर्फिक कीबोर्डने हा प्रश्न मुळातूनच सोडवलाय. तिथे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या नसतात, एकसारख्या बटणांची जाळी असते, बहुतेक वेळा मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी किंवा साधी चौकटींची, आणि नियम एकच: जाळीत कुठूनही एका ठरावीक दिशेला एक पाऊल टाकलं की स्वर तेवढाच चढणार. म्हणजे सा पासून प जिकडे असतो, रे पासून ध तिकडेच, ग पासून नि तिकडेच. एका जागी राग बसवला की तो जाळीत कुठेही उचलून ठेवा, आकार तोच.

माझं प्रामाणिक मत असं की ही गोष्ट युरोपात शोधली गेली तरी ती शोभते आपल्याला जास्त. आपलं सगळं संगीत सा च्या नात्याने चालतं, सा कुठला हे गाणारा ठरवतो, आणि हा कीबोर्ड नेमकं तेच नातं बोटांखाली मांडतो. म्हणून या लेखात मी सगळ्या मांडण्या सरगममध्येच सांगणार आहे. इंटरनेटवर हे सगळं सी मेजर, जी मेजर करत समजावलेलं असतं आणि पेटी शिकलेला माणूस तिथेच अडखळतो.

विकत काही घ्यायचं नाहीये अजून. घरातला कॉम्प्युटर पुरे.

आधी तयारी

कॉम्प्युटरच्या कीबोर्डकडे नीट बघा, अक्षरांच्या ओळी एकाखाली एक सरळ नसतात, थोड्या थोड्या सरकलेल्या असतात. सी हे बटण वरच्या ओळीतल्या डी आणि एफ च्या बरोबर मध्ये येतं. म्हणजे प्रत्येक बटणाला डावीकडे-उजवीकडे एकेक, वर दोन आणि खाली दोन असे सहा शेजारी. षटकोनी जाळी आयतीच मिळाली.

आता एक सॉफ्टवेअर लागेल ज्यात कुठल्या बटणाला कुठला स्वर हे आपल्याला ठरवता येतं. व्हीएमपीके नावाचा एक फुकट प्रोग्रॅम आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो, त्यात की-मॅप स्वतः भरता येतो. दुसरं काही वापरत असाल तरी चालेल, फक्त बटणाला नोट नंबर देता आला पाहिजे. मिडी म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती भाषा, तिच्यात प्रत्येक स्वराला नंबर असतो, मधली पांढरी एक म्हणजे ६०, आणि पुढे प्रत्येक पट्टीला, काळी असो पांढरी असो, एक-एक वाढतो. काही प्रोग्रॅममध्ये मोजणी शून्यापासून असते, तेव्हा आकड्यांमधला फरक तेवढा सांभाळा, बाकी फरक पडत नाही. मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप लावून ठेवा, हे ऐच्छिक नाही, लावाच. तंबोऱ्याशिवाय ही जाळी म्हणजे नुसती बटणं आहेत, सा कुठला ते कानाला कळतच नाही.

पहिली मांडणी: विकी-हेडन

सुरुवात हिच्यापासूनच करा असं मी आग्रहाने सांगेन. कास्पर विकी नावाच्या स्विस माणसाने १८९६ मध्ये हिचं पेटंट घेतलं, आणि पुढे इंग्लंडमध्ये ब्रायन हेडन यांनी स्वतंत्रपणे हीच मांडणी शोधून काढली, कॉन्सर्टिना या हातात धरायच्या छोट्या भात्याच्या वाद्यासाठी, त्यांचं पेटंट १९८६ चं. दोन माणसं वेगवेगळ्या काळात एकाच जागी पोचली, तेव्हा त्यात काहीतरी दम असणार.

नियम: उजवीकडे एक पाऊल म्हणजे २ पट्ट्या वर (सा वरून रे). उजवीकडे तिरकं वर म्हणजे ७ (सा वरून प). डावीकडे तिरकं वर म्हणजे ५ (सा वरून म). दोन ओळी सरळ वर गेलं की तार सा.

सा ठेवा सी वर आणि असं भरा:

खालची ओळ: झेड ५६, एक्स ५८, सी ६०, व्ही ६२, बी ६४, एन ६६.
मधली ओळ: ए ६१, एस ६३, डी ६५, एफ ६७, जी ६९, एच ७१.
वरची ओळ: क्यू ६६, डब्ल्यू ६८, ई ७०, आर ७२, टी ७४, वाय ७६.
आकड्यांची ओळ: ४ वर ७७, ५ वर ७९, ६ वर ८१, ७ वर ८३.

आता वाजवा. सी, व्ही, बी हे सा रे ग. डी, एफ, जी, एच हे म प ध नि. आर वर तार सा, सी च्या जवळजवळ सरळ वर. खाली तीन, वर चार, संपला बिलावल. आणि इथे एक छान योग जुळून येतो, एफ वर टायपिंगवाल्यांसाठी बारीक उंचवटा असतो ना, तो नेमका पंचमावर आलाय, त्यामुळे न बघता प सापडतो आणि प सापडला की सा त्याच्या खाली डावीकडे. बिनखुणांच्या जाळीत ही खूण फार कामाची. पुढे कधी खरं वाद्य घेतलंत तर पहिल्या दिवशी सा आणि प वर चिकटपट्टीचा तुकडा लावा, कारण पेटीवर काळ्या पट्ट्या आपल्याला सतत सांगत असतात तुम्ही कुठे आहात, इथे ते सांगणारं कुणीच नाही.

दोन-चार दिवस फक्त अलंकार. सारेग रेगम गमप. ग वरून म ला जाताना हात खालच्या ओळीतून वरच्या ओळीत डावीकडे उडी मारतो, बी वरून डी वर, ही उडी बोटांना आधी विचित्र वाटते आणि मग अचानक बसते. घाई करू नका, लय ठेवा.

थाट जाळीत कसे दिसतात

मला स्वतःला या मांडणीने सगळ्यात जास्त आनंद इथे दिला. बिलावलमधला शुद्ध म काढून तीव्र म घ्या. तीव्र म कुठे आहे? एन वर, ग च्या लगेच उजवीकडे. म्हणजे कल्याण झाला सी व्ही बी एन, मग एफ जी एच. आधी तीन-चार होतं ते चार-तीन झालं, बस.

उलट दिशेला जा. खमाजला कोमल नि पाहिजे, तो ई वर, तार सा च्या लगेच डावीकडे. काफीला त्यात कोमल ग, तो एस वर, म च्या लगेच डावीकडे: सी व्ही, एस डी एफ जी, ई आर. आसावरीला कोमल ध, डब्ल्यू वर, परत डावीकडे. भैरवीला कोमल रे, ए वर, अजून डावीकडे: सी, मग ए एस डी एफ, मग डब्ल्यू ई आर. बघितलंत काय होतंय? एक-एक स्वर कोमल होत गेला की आख्खा आकार डावीकडे सरकत जातो, तीव्र झाला की उजवीकडे. याचं कारण साधं आहे, ही मांडणी षड्ज-पंचम भावावर उभी आहे, आणि प-प च्या साखळीत स्वर असेच लागतात: कोमल रे, कोमल ध, कोमल ग, कोमल नि, म, सा, प, रे, ध, ग, नि, तीव्र म. सलग सात उचला, एक थाट. एक घर सरका, दुसरा थाट.

भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी कल्याण, बिलावल, खमाज, काफी, आसावरी, भैरवी हे सहा असे एकाच आकाराचे निघतात, फक्त त्यात सा कुठल्या जागी बसलाय ते बदलतं. उरलेले चार, भैरव, पूर्वी, मारवा, तोडी, या आकारात बसत नाहीत, ते जाळीत विखुरतात. भैरव वाजवून बघा: सी, ए, बी, डी, एफ, डब्ल्यू, एच, आर. हात इकडून तिकडे पळतो. सा वरून कोमल रे ला जायचं तर वर जाऊन लांब डावीकडे. ही विकी-हेडनची खरी कमजोरी आहे, शेजारचा अर्धा स्वर तिथे सगळ्यात लांब असतो. भैरव-तोडीवाल्या माणसाला ही मांडणी मनापासून आवडणं कठीण आहे, आणि तेच ठीक आहे, म्हणून तर वेगवेगळ्या मांडण्या आहेत.

मूर्च्छना, हातात धरून

पुढे जायच्या आधी हा एक खेळ करूनच जा. भूप वाजवा: सी व्ही बी, एफ जी, आर. खाली तीन वर दोन. आता स्वर तेच ठेवा, नवीन एकही बटण घ्यायचं नाही, फक्त सा बदलायचा.

व्ही ला सा माना, म्हणजे व्ही बी एफ जी आर टी: सा रे म प कोमल नि सा, मधमाद सारंगाचे स्वर. बी ला सा माना: बी एफ जी आर टी वाय, सा कोमल ग म कोमल ध कोमल नि सा, मालकंस. एफ ला सा: एफ जी आर टी वाय आणि आकड्यांतला ५, सा रे म प ध सा, दुर्गा. जी ला सा: जी आर टी वाय ५ ६, सा कोमल ग म प कोमल नि सा, धानी.

एक महत्त्वाचं, प्रत्येक वेळी तंबोऱ्याचं ॲप नव्या सा ला लावा. सी वर पांढरी एक आहे, तर मालकंसाला तंबोरा पांढरी तीनला, आणि त्यात प नाही म्हणून प च्या जागी म. हे नाही केलंत तर बोटं मालकंसावर असतील पण कान भूपच ऐकत राहील. हे सगळं पेटीवरही होतं अर्थातच, आणि मूर्च्छना आपल्याकडे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेली असते, पण पेटीवर ती हिशोब करून समजते आणि इथे डोळ्याला दिसते. पाच बटणांचा एकच आकार आणि त्यातल्या कुठल्या बटणावर बसायचं एवढाच प्रश्न. शिकवणाऱ्यांनी वर्गात हे जरूर करून दाखवावं.

दुसरी मांडणी: चौथ्यांची जाळी

आता की-मॅप पुसून दुसरा भरा. नियम: उजवीकडे एक पाऊल म्हणजे फक्त १ पट्टी, आणि वरच्या ओळीत ५ ने वाढ, म्हणजे सा च्या वर म, सा पासून चौथा स्वर, म्हणून नाव चौथ्यांची जाळी. बेस गिटारच्या तारा अशाच लागलेल्या असतात, ओळीने मध्यम भावात. साधी सहा तारांची गिटार मात्र नाही, तिथे एका जोडीत ५ ऐवजी ४ चं अंतर आहे, म्हणून तिथे तार बदलली की आकार बिघडतो. व्हायोलिनच्या पाश्चात्त्य लावणीत आणि मँडोलिनमध्ये सगळीकडे ७ चं अंतर, म्हणजे तीही आयसोमॉर्फिक, पण आपण व्हायोलिन सा-प-सा-प लावतो तेव्हा ते राहत नाही.

झेड वर ६० ठेवा आणि उजवीकडे एक-एक वाढवत जा. ए वर ६५, परत एक-एक. क्यू वर ७०, परत तसंच. आकड्यातल्या १ वर ७५.

बिलावल आता असा येतो: झेड सी बी, ए डी जी, डब्ल्यू ई. सा रे ग च्या बरोबर वर म प ध, मग नि सा. आणि भैरव: झेड एक्स बी, ए डी एफ, डब्ल्यू ई. मघाशी जो जाळीभर पळत होता तो आता पाच बटणांच्या रुंदीत बसला. पूर्वांग खालच्या ओळीत, उत्तरांगाची सुरुवात वरच्या ओळीत, कुठलाही राग घ्या, कितीही कोमल-तीव्र मिसळा, एका सप्तकाला फार तर तीन ओळी आणि पाच उभ्या रांगा. तोडी, मारवा, ललितमधले दोन मध्यम, सगळं हाताखाली. ललितचे दोन्ही मध्यम तर ए आणि एस, शेजारी शेजारी.

दुसरा मोठा फायदा मींडेचा. कॉम्प्युटरच्या बटणांवर तो कळणार नाही, पण रॉजर लिन यांचं लिनस्ट्रुमेंट (२०१४ मध्ये आलं, मोठ्यात २०० चौकटी, ८ ओळी प्रत्येकी २५ च्या) किंवा आयपॅडवरचं जिओश्रेड घेतलं तर बोट ओळीत सरकवलं की स्वर सलग चढतो-उतरतो, तुटत नाही. ओळ अर्ध्या स्वरांची असल्यामुळे ग वरून रे वर उतरताना मधला कोमल ग वाटेतच लागतो, तो ओझरता लावायचा की नाही हे बोट ठरवतं. विकी-हेडनच्या ओळीत शेजारी शेजारी पूर्ण स्वर, तिथे बारीक मींड बोटाच्या अगदी लहान हालचालीत कोंबावी लागते. रागसंगीतच वाजवायचं असेल आणि एकच मांडणी शिकायला वेळ असेल तर मी डोळे मिटून ही चौथ्यांची जाळी सांगेन. विकी-हेडनने समज वाढते, हिच्यावर वाजवणं होतं.

एबलटन पुश या वाद्याच्या ८ गुणिले ८ पॅडवर पण ही मांडणी मिळते. त्यात एक सोय असते, फक्त निवडलेल्या स्केलचेच स्वर दाखवायचे, वर्ज्य स्वर गायब. नवीन माणूस तिकडे लगेच ओढला जातो कारण चूक होतच नाही. पण त्या मोडमध्ये एक पाऊल कधी १ पट्टीचं असतं कधी २ चं, म्हणजे आकाराचा नियमच गेला, आणि उद्या दुसरा राग घेतला की आजची बोटं फुकट. आधी सगळे बारा स्वर असलेल्या मोडमध्ये बसा, ही सोय नंतर.

बाकीच्या, थोडक्यात

यांको: पॉल फॉन यांको, हंगेरियन पियानोवादक, १८८२ ची कल्पना. ओळी दोनच प्रकारच्या, एकीत सा रे ग तीव्र म कोमल ध कोमल नि, दुसरीत कोमल रे कोमल ग म प ध नि, आणि त्याच आलटून पालटून वर परत परत. बिलावल खालून तीन, वरून चार. सप्तक सहा पट्ट्यांत मावतं, त्यामुळे लहान हाताच्या माणसाला लांब स्वर पोचतात. पियानो त्या काळात बनलेही, पण वाजवणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी आयुष्यभराची बोटं सोडून नव्याने शिकायचं, तेवढं झालं नाही. पेटीवरून येणाऱ्याला हिच्यात सगळ्यात कमी परकं वाटतं.

बटणांचं क्रोमॅटिक अकॉर्डियन: ओळीत ३-३ ची पावलं, सा कोमल ग तीव्र म ध, दुसरी ओळ कोमल रे ग प कोमल नि, तिसरी रे म कोमल ध नि. तीन ओळीत बाराही स्वर संपतात, तरी पाच ओळींची वाद्यं बनवतात, जास्तीच्या दोन ओळी पहिल्यांचीच नक्कल, म्हणजे कुठूनही सुरू केलं तरी तीच बोटं मिळतात. आयसोमॉर्फिक म्हणजे प्रयोगशाळेतली गोष्ट असं कुणाला वाटत असेल तर हे बघा, युरोपात ही अकॉर्डियनं पिढ्यानपिढ्या वाजतायत.

हार्मोनिक टेबल: वर ७, उजवीकडे तिरकं ४, डावीकडे तिरकं ३. तीन एकमेकांना चिकटलेली बटणं म्हणजे एक कॉर्ड, बटणांच्या सांध्यावर एकच बोट ठेवलं तरी सा-ग-प वाजतो. स्वरांचं असं जाळं गणितज्ञ ऑयलरने १७३९ मध्येच मांडलं होतं. चित्रपटगीतांना कॉर्ड धरणाऱ्यांना हे फार मजेदार आहे, पण सा वरून रे ला जायला एवढा वळसा पडतो की तान विसराच.

स्वतःची मांडणी बनवायची असेल तर

मला वाटतं प्रत्येकाने एकदा तरी करून बघावी. कागदावर षटकोनी जाळी काढा, मध्ये सा लिहा. दोन आकडे ठरवा, उजवीकडच्या पावलाला किती पट्ट्या आणि उजवीकडे तिरक्या वरच्या पावलाला किती. तिसरी दिशा, डावीकडे तिरकं वर, आपोआप ठरते, दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा. विकी-हेडनमध्ये २ आणि ७, म्हणून तिसरा ५.

पहिली चाचणी: दोन्ही आकड्यांना १ सोडून दुसऱ्या कुठल्याही एका आकड्याने भाग जाता कामा नये. २ आणि १२ घेतलेत तर सप्तकं मस्त सरळ रेषेत येतील, पण सगळ्या जाळीत फक्त सम आकड्यांचे स्वर, प कुठेच नाही. ३ आणि ९ घेतलेत तर चारच स्वर हातात. २ आणि ७ चालतं, १ आणि ५ चालतं, ३ आणि ४ चालतं.

दुसरी चाचणी, तार सा किती लांब आणि कुठल्या दिशेला. वाकडातिकडा लांब गेला तर दोन सप्तकांची तान हाताला येणार नाही. तिसरी, अर्धा स्वर किती लांब, कारण कोमल ऋषभ आणि तीव्र मध्यमाचे राग त्यावर अवलंबून. चौथी, तुमचे रोजचे चार-पाच राग कागदावर रंगवून बघा, किती पसरतात. पेनाने गोल करायचे, बाकी काही नाही, अर्ध्या तासात मांडणी तुमच्यासाठी आहे की नाही ते कळतं. मगच की-मॅप भरा. नाव, इतिहास, कोण काय म्हणतं, या सगळ्यापेक्षा तुमच्या रागांचे गोल जास्त खरं सांगतात.

आणि ठरवल्यावर निदान दोन-तीन आठवडे तीच ठेवा. रोज नवीन मांडणी करण्यात मजा येते पण बोटांना काही राहत नाही. मोबाइल किंवा आयपॅडवर म्युझिक्स प्रोसारख्या ॲपमध्ये मांडणी क्षणात बदलता येते, तिथे तर हा मोह जास्तच.

विकत घेताना

कॉम्प्युटरच्या साध्या कीबोर्डवर तीन-चार बटणं एकदम दाबली तर काही वेळा एखादं लागतच नाही, ती त्याच्या आतल्या वायरिंगची मर्यादा आहे, तुमच्या मॅपची नाही. एकेरी सुरावटीला अडचण नाही, कॉर्डला येते. शिवाय जोर हलका-भारी कळत नाही. या दोन गोष्टी टोचायला लागल्या की समजा आता वाद्य बघायची वेळ आली, त्याआधी नको.

बघताना विचारा: मांडणी बदलता येते की एकच पक्की आहे? बोट सरकवून मींड येते का? एमपीई चालतं का, म्हणजे प्रत्येक बोटाची मींड आणि दाब वेगळा पाठवला जातो का (मिडीवाल्यांनी हे २०१८ मध्ये अधिकृत केलं)? लहानात एक्सक्विस आहे, ६१ षटकोनी पॅड. दुसऱ्या टोकाला लुमाटोन, २८० षटकोनी बटणं, किंमत ऐकून बसायला खुर्ची लागते, आणि ते मुख्यतः बारापेक्षा जास्त स्वरांच्या सप्तकासाठी बनवलंय.

आणि श्रुतींचं काय

हा प्रश्न मराठी माणूस विचारणारच, सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांपासून डॉ. विद्याधर ओकांच्या २२ श्रुतींच्या हार्मोनियमपर्यंत आपल्याकडे यावर केवढं काम झालंय. बरोबरीने वाटलेल्या बारा पट्ट्यांत शुद्ध गंधार तंबोऱ्यातून निघणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (एका पट्टीचे १०० सेंट) चढा असतो, आणि आयसोमॉर्फिक मांडणी केली म्हणून तो आपोआप खाली येत नाही. बटणं कुठे आहेत आणि ती कुठल्या सुरात लावली आहेत, या दोन वेगळ्या बाबी.

पण दोन्हीचं नातं जुनं आहे. इंग्लंडमध्ये बोसान्केट यांनी १८७० च्या दशकात सप्तकात ५३ स्वर असलेली हार्मोनियम केली ती अशाच एकसारख्या जाळीवर, कारण ५३ स्वर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर बसवणार कुठे. घरी करून बघायचं असेल तर सर्ज एक्सटी नावाचा फुकट सिंथ घ्या, तो स्काला नावाच्या प्रकारातल्या ट्यूनिंग फाइल वाचतो, म्हणजे कुठला स्वर नेमका किती उंच हे लिहिलेल्या फाइल. विकी-हेडनचा मॅप तसाच ठेवा आणि ३१ भागांच्या सप्तकातले बारा स्वर असलेली फाइल चढवा. सी व्ही बी तीच बटणं, पण ग जवळजवळ नेमका गंधारावर येईल, आणि त्याच्या बदल्यात प सुमारे ५ सेंट उतरेल, तंबोऱ्यासोबत ते लगेच ऐकू येतं. ५३ च्या फाइलमध्ये प अगदी चोख, गंधारही चोख मिळतो, पण तो षड्ज-पंचमाच्या साखळीत दुसऱ्याच जागी, त्यामुळे सी व्ही बी वर तो सापडणार नाही, आकार नव्याने शिकावा लागतो आणि बटणंही बरीच जास्त लागतात. दरबारीचा आंदोलित गंधार यातल्या कुठल्याच एका बटणावर नाही, त्याला सरकणारं बोटच लागतं, म्हणजे चौथ्यांची जाळी आणि मींड घेणारं वाद्य. आधी बारा स्वरांत एक मांडणी बोटात बसवा, मग फाइल बदला, दोन्ही एकदम बदललं तर कानाला खटकतंय ते जागेमुळे की सुरामुळे हे ओळखता येत नाही.